बालमानसशास्त्र शिकलो, म्हातारपणाचं कधी शिकणार?



एक ऑक्टोबर आला की आपल्या शाळांच्या ग्रुपवर फोटोंची रांग लागते. ज्येष्ठ नागरिक दिन. खुर्चीवर आजी-आजोबा, समोर परात, मुलं पाय धुताहेत, मग हळद-कुंकू, एक गुलाबाचं फूल, दोन भाषणं आणि चहा-बिस्किट. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस १९९० साली ठरवला आणि १९९१ पासून तो पाळला जातो, एवढी ओळ सूत्रसंचालनात येते. मीही हा कार्यक्रम दरवर्षी करते. त्याची चेष्टा करायची नाही. वर्षात एकदा का होईना, गावातली आजी शाळेच्या व्हरांड्यात मानानं बसते, याचं मोल मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी गांधी जयंती असते, फलकावरचं लेखन पुसलं जातं आणि म्हातारपण हा विषय पुन्हा 'माझी आजी' या दहा ओळींच्या निबंधात जाऊन बसतो. म्हातारपण हा अभ्यासाचा विषय आहे, त्यात शिकायला, शोधायला आणि पोट भरायलाही वाव आहे, हे मी इतक्या वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं. कारण मलाच ते माहीत नव्हतं.

माहीत कसं झालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठवड्यानं घरी आणलं. मालक एमआयडीसीत शिफ्टला, माझी शाळा, रजा संपत आलेली. शेवटी ओळखीतून एका ब्युरोला फोन केला. दिवसपाळीला मुलगी येईल म्हणाले. सकाळी साडेआठला दार उघडलं तर समोरची मुलगी दचकली. "बाई, तुम्ही?" अकरा वर्षांपूर्वी चौथीत माझ्या वर्गात होती. पाढे खणखणीत म्हणायची, हस्ताक्षर मोत्यासारखं. बारावी आर्ट्स करून घरी बसली होती, भावाच्या शिक्षणाला हातभार म्हणून हे काम धरलं होतं.

पोरगी मायाळू. सासूबाईंना आज्जी आज्जी करून भरवायची, वेणी घालायची, मालिका लावून द्यायची. पण बाराव्या दिवशी पाठीखाली माकडहाडाजवळ लालसर चट्टा दिसला. आम्हाला वाटलं घामोळं. पावडर लावली. चार दिवसांत तिथली कातडी उलली. ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरनं डोक्याला हात लावला. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, चादरीला सुरकुती ठेवायची नसते, आणि लाल चट्टा दिसला की ती पहिली घंटा समजायची. त्या पोरीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. ब्युरोत तुला काय काय शिकवलं गं, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "अर्धा तास बसवून सांगितलं. मोबाईल जास्त बघायचा नाही, घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही आणि पगार घरमालकाकडनं परस्पर घ्यायचा नाही." झालं तिचं प्रशिक्षण!

ती जखम भरायला अडीच महिने गेले. सासूबाईंना ज्या वेदना झाल्या त्या ब्युरोच्या खात्यावर टाकून मी मोकळी होऊ शकत नाही. घर माझं होतं.

त्याच दिवसांत एका दुपारी ती पोरगी म्हणाली, "बाई, ह्याचं रीतसर शिक्षण कुठं मिळतंय का? मला नीट शिकायचंय." शाळेतला करिअर मार्गदर्शनाचा तक्ता मीच रंगवलाय. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, तलाठी, बँक, सैन्य. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. मग मी शोधायला लागले, आणि जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते आहे.

या विषयाला मराठीत वार्धक्यशास्त्र किंवा जराशास्त्र म्हणतात, इंग्रजीत जेरोंटॉलॉजी. हा शब्द १९०३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं रूढ केला. त्याला पुढं १९०८ चं नोबेलही मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. गंमत म्हणजे, बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध खातात म्हणून दीर्घायुषी होतात, असं त्याचं ठाम मत होतं, आणि तो स्वतःही ते रोज घ्यायचा. तो गेला एकाहत्तराव्या वर्षी. (आमच्या कोल्हापुरात दही-ताकाला कमी नाही, पण तालमीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते श्रेय व्यायामालाच देतील.) वृद्धांच्या वैद्यकशास्त्राला जेरियाट्रिक्स हे वेगळं नाव १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनी दिलं. मुलांचं वैद्यक वेगळं असतं, मग म्हाताऱ्यांचं का नको, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्याकडं खरं तर फार जुना आहे. आयुर्वेदाची आठ अंगं आहेत. त्यात बाल हे एक अंग आहे आणि जरा हेही एक अंग आहे. म्हणजे पूर्वजांनी दोन्ही टोकांना जागा दिली होती. आपण एकच टोक धरून बसलो.

डी.एड.ची दोन वर्षं आठवा. बालमानसशास्त्राचा पेपर होता. पियाजेच्या अवस्था पाठ केल्या, मूल कधी अमूर्त विचार करतं, चुकतं तेव्हा का चुकतं, हे शिकलो. आज वर्गात मूल हट्टाला पेटलं तर मी आधी त्यामागचं कारण शोधते, कारण तसं मला शिकवलंय. पण घरी सासूबाईंनी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली की माझा आवाज चढायचा. ते विसरणं वयाचं साधं आहे, कमी ऐकू येण्यामुळं आहे, औषधामुळं आहे, की स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, हे ओळखायचं मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि आपल्याकडचं ते लाडकं वाक्य, 'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण'. प्राथमिक शिक्षिका म्हणून सांगते, हे मला अजिबात पटत नाही. मूल मला रोज दिसतं. मुलाला अजून यायचं असतं, म्हाताऱ्या माणसाला येत होतं आणि आता हातातून निसटतंय हे त्याला कळत असतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं शेत, म्हशी आणि सात माणसांचा संसार सांभाळला. त्यांच्याशी 'घास खा बघू, शहाणी ना तू' या सुरात बोललं की त्या तोंड फिरवायच्या. आम्ही म्हणायचो, हट्टी झाल्यात. अपमान झाला होता त्यांचा.

एक इंग्रज डॉक्टरीणबाईंची गोष्ट वाचली. मार्जरी वॉरन. १९३५ मध्ये लंडनजवळच्या त्यांच्या रुग्णालयात शेजारच्या अनाथालयासारख्या जागेतले शेकडो जुनाट रुग्ण ताब्यात आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, 'आता काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेले. बाईंनी एकेकाला नीट तपासलं, खोल्या उजळ केल्या, योग्य खुर्च्या आणल्या, चालायचा सराव सुरू केला. त्यातले कितीतरी उठले, चालले, काही घरी गेले. अंथरुणावर पडून राहणं हा पुष्कळांचा आजार नव्हताच, कुणी उठवलंच नव्हतं. वाचताना मला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेली मुलं आठवली.

आता आपल्याकडचे आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक सुमारे १०.४ कोटी होते. महाराष्ट्रात ते प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्क्यांहून जास्त. २०५० पर्यंत देशात दर पाच माणसांत एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज 'इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३' मध्ये दिलाय. म्हणजे आज माझ्या चौथीत बसलेलं पोर पस्तिशीचं होईल तेव्हा. त्याच्या गल्लीत बालवाडीपेक्षा विरंगुळा केंद्राला गर्दी जास्त असेल.

हा अहवाल ज्या दोन संस्थांनी मिळून केला त्यातली एक आपल्या मुंबईत आहे, देवनारला. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. १९५६ मध्ये सुरू झाली, १९८५ पासून अभिमत विद्यापीठ. याच संस्थेनं 'लासी' नावाचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ मध्ये पहिली फेरी झाली, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांच्या घरी प्रशिक्षित माणसं गेली. नुसते प्रश्न विचारले नाहीत. रक्तदाब मोजला, हाताच्या मुठीची ताकद यंत्रावर दाबून मोजली, ठरावीक अंतर चालायला किती वेळ लागतो ते पाहिलं. कमाई काय, औषधाला पैसे कोण देतं, एकटं वाटतं का, हेही विचारलं. आणि मुख्य म्हणजे पुढच्या फेऱ्यांत त्याच माणसांकडं पुन्हा जायचं, असा हा अभ्यास आहे. शिक्षकांना हे समजायला सोपं आहे. एका परीक्षेच्या गुणांवरून मूल कळत नाही, पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं एकापुढं एक ठेवली की कळतं. म्हातारपणाचंही तसंच.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग परीक्षेचाच आहे. स्मृतिभ्रंश ओळखायला जगभर जी तोंडी-लेखी चाचणी वापरतात, तिच्यात एक वाक्य लिहा, हे वाचून तसं करा, शंभरातून सात-सात वजा करत जा, असे प्रश्न असतात. आता शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्जीला ही चाचणी दिली तर ती नापासच होणार. तिची स्मृती गेली म्हणून नापास नाही, तर तिला आपण कधी शाळेत घातलं नाही म्हणून! हरियाणातल्या बल्लभगढ भागात काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ही चाचणी खेड्यातल्या निरक्षर माणसांसाठी बदलून घेतली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. 'डोळे मिटा' हे वाचण्याऐवजी मी करते तसं करा. शंभरातून साताऐवजी विसातून तीन-तीन वजा करा. मूल्यमापन म्हणजे काय, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. लासीबरोबरच झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात अशाच चाचण्या वापरल्या. त्यातून निघालेला अंदाज असा, की देशात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त.

म्हणजे या क्षेत्रात फक्त डॉक्टर लागतात असं नाही. गणित-संख्याशास्त्र आवडणाऱ्या मुलाला देवनारच्या त्या संस्थेत लोकसंख्या अभ्यासात एम.ए., एम.एस्सी. करता येतं, पीएच.डी. करता येते. समाजशास्त्र, मानसशास्त्र घेतलेल्यांना तर आपल्या शिवाजी विद्यापीठातूनही हा विषय संशोधनासाठी घेता येईल. समाजकार्याची पदवी, एम.एस.डब्ल्यू., कोल्हापुरातच सायबरमध्ये आहे, मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. डॉक्टर व्हायचंच असेल तर एम.बी.बी.एस.नंतर वृद्धवैद्यकात एम.डी. करता येतं. देशात त्याची सुरुवात १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात झाली. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वेगळा कक्ष अपेक्षित आहे. कक्षाला माणसं लागतात आणि ती माणसं आज आपल्या वर्गात बसलेली आहेत. दिल्लीची राष्ट्रीय समाजरक्षा संस्था वृद्धांची काळजी घेण्याचे अभ्यासक्रम चालवते. शिवाय फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, श्रवणयंत्र बसवणारे तंत्रज्ञ आहेत.

माझ्या त्या विद्यार्थिनीसारख्या बारावी आर्ट्स मुलींना ए.एन.एम. हा दोन वर्षांचा मार्ग खुला आहे. पण त्याचं नावच बघा, त्यात सुईणपण आहे. सगळा भर बाळंतीण आणि बाळ यांच्यावर. पुन्हा तेच एक टोक! कौशल्य विकासाखाली जनरल ड्यूटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड असे छोटे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून पालकांनी केंद्र मान्यताप्राप्त आहे ना, आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवतात ना, हे दोन प्रश्न विचारूनच फी भरावी. नुसतं प्रमाणपत्र फ्रेम करून मिळेल, पाठ फिरवायला येणार नाही.

परदेशाचंही सांगते, कारण पालकसभेत कान तिथंच टवकारतात. जपानमध्ये दहातले जवळजवळ तीन जण पासष्टीपुढचे आहेत. २०२१ च्या भारत-जपान करारात वृद्धांच्या शुश्रूषेचं काम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिका आणि आरोग्य सहायक आहेत. जर्मन शिकवायचं काम आपल्याच शालेय शिक्षण विभागाकडं आलं होतं, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मुलं गेली तर जाऊ देत, चार पैसे मिळवू देत. पण मला एक गोष्ट टोचते. स्टुटगार्टच्या आजोबांना आपली पोरगी शिकूनसवरून लागते आणि आपल्या आजोबांना अर्ध्या तासाच्या सूचनांवर चालते.

हे सगळं मी गेल्या वर्षी पालकसभेत मांडलं. शांतता. मग एक पालक उठले आणि म्हणाले, "बाई, म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला पोरगी शिकवायची व्हय?" काही जण हसले. मी रागावणार होते, पण ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. या कामाला आज मान नाही आणि पैसाही नाही. बारा तासांचे जे आम्ही ब्युरोला द्यायचो त्यातलं त्या पोरीच्या हातात किती पडायचं ते मला ठाऊक आहे. सेवा, पुण्य, संस्कार असे शब्द वापरून मुलींना कमी पैशात राबवायचं असेल तर असल्या करिअर मार्गदर्शनात मला पडायचं नाही. प्रशिक्षण, ठरलेले तास आणि ठरलेली मजुरी एकत्र यायला हवी. बाळ जन्माला घालायला मदत करणाऱ्या सिस्टरला आपण मान देतोच ना? तिथं काय सगळं गुलाबपाणी असतं?

आणि आपण शिक्षकांनी फार ताठ मानेनं बोलू नये. २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला, की आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते आईवडिलांच्या खात्यावर जमा करायचे. पहिल्या बारा जणांत सहा शिक्षक होते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आपण वाचलेला असतो, स्पर्धा परीक्षेला येतो म्हणून. 'नटसम्राट' १९७० साली रंगमंचावर आलं, 'संध्याछाया' आलं. दोन पिढ्या थिएटरात रडल्या. रडून बाहेर पडल्यावर काय शिकायचं, हे आपण ठरवलं नाही.

या वर्षी मी एक ऑक्टोबरला परात काढली, पण आदल्या आठवड्यात चौथीला मापनाचा पाठ घेताना मोजपट्टी देऊन घरी पाठवलं. आजीच्या वाटेतली प्रत्येक पायरी मोजून आणा. उंबरा, न्हाणीघराची पायरी, देवळाची, दवाखान्याची. दोघांनी थांब्यावर उभ्या एसटीची पहिली पायरी मोजली. कंडक्टर ओरडले, पण मग त्यांनीच पट्टी धरली म्हणे. एका मुलानं लिहिलं होतं, "आमच्या आज्जीला पंच्याहत्तरी झाल्यामुळं एसटी फुकट आहे, पण ती चढू शकत नाही म्हणून ती जोतिबाला जात नाही." वार्धक्यशास्त्राचा प्रबंध याच वाक्यापासून सुरू होतो. कुणाला पुढं इंजिनिअर व्हायचं असेल तर त्यानं ही पायरीच करावी.

दुसरा उपक्रम जमला नाही. आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला सांगितलं, तर निम्म्या मुलांनी प्रश्न आईला विचारून उत्तरं लिहून आणली. आजी ऐकत नाही नीट, म्हणाली एक जण. पुढच्या वेळी आधी हळू, समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचा सराव वर्गात घ्यावा लागेल.

सासूबाई आता वॉकर धरून परड्यापर्यंत जातात. ती पोरगी गेल्या जूनमध्ये शाळेत आली होती. ए.एन.एम.चा फॉर्म भरायचा होता, जातीच्या दाखल्यासाठी पहिलीचा निर्गम उतारा हवा होता. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं, तिचं नाव सापडलं. अर्जावर 'उतारा कशासाठी हवा' असा रकाना असतो. तिनं त्याच मोत्यासारख्या अक्षरात 'पुढील शिक्षणासाठी' असं लिहिलं आणि निघताना मला विचारलं, "बाई, आज्जींची पाठ भरली ना पूर्ण?"